उपासाचा पेग

श्रावणात परमिट रूम ओस पडते, असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. गटारी अमावास्येला शेवटची म्हणून दोन पेग जास्त मारून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सायकल धरून दारात उभा असतो. आत येत नाही आणि जातही नाही. वर्षभर ज्या वेळेला ज्या खुर्चीवर बसला, ती वेळ महिनाभर कुठे घालवायची हे त्याला कळत नाही. बायकोला वाटतं, आता नवरा लवकर घरी येईल. नवऱ्याला प्रश्न पडतो, लवकर घरी जाऊन करायचं काय?

सोनईच्या अलीकडे, शिंगणापूरला वळणाऱ्या रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक परमिट रूम होती. नव्वदच्या दशकाच्या आगेमागे मी तिथे काउंटरला होतो. अकरा वर्षं. बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे बाटली उघडून ग्लासात ओतणं वाटतं. ओतायला कुणालाही येतं. काउंटरवाल्याचं खरं काम संशय घेणं. वेटर मधल्यामध्ये पाणी घालतो का, गिऱ्हाईक टेबलाखाली स्वतःची स्वस्तातली बाटली काढतं का, शुद्धीत दिसणारा माणूस मोटारसायकलला किक मारू शकेल का, यावर नजर ठेवायची. आणि आमचे मालक आप्पा माझ्यावर नजर ठेवायचे. रात्री जाताना ते प्रत्येक बाटलीवर पेन्सिलने रेघ मारून जात. एकदा एका भाविकाने त्यांना विचारलं, "शेजारच्या गावात घरांना दारं न्हाईत, आन तुमी कपाटाला दोन कुलपं लावता?" आप्पा म्हणाले, "तिथं शनिदेव राखण करतो. हितं फक्त दत्ता हाय." दत्ता म्हणजे मी.

या कामाआधी मी नगरला लष्कराच्या एका मेसमध्ये चार वर्षं वेटर होतो. तिथे मद्रासकडचे एक वयस्कर हवालदार होते. अधिकाऱ्यांच्या पार्टीत त्यांच्या बायकांसाठी ते बिनदारूचे ग्लास बनवत आणि त्यात दारूच्या ग्लासापेक्षा जास्त जीव ओतत. काचेच्या काठाला लिंबू फिरवून मीठ लावायचं, पुदिना चुरगळायचा नाही, तळहातावर नुसता थापटायचा, सोडा शेवटी आणि कडेने सोडायचा. ते म्हणायचे, जो पीत नाही त्याला कुणी गरीब समजू नये, असा ग्लास झाला पाहिजे. हल्ली मोठ्या हॉटेलांत याला मॉकटेल म्हणतात आणि वर कागदाची छत्री खोचतात. आम्ही तो शब्द ऐकला नव्हता.

परमिट रूममधल्या माझ्या एका श्रावणात मी आप्पांना विचारून हे सुरू केलं. डाळिंबाचा रस, काळं मीठ आणि सोडा. जांभळाच्या दिवसांत जांभूळ. शेतकरी मंडळींसाठी चिंच, गूळ, भाजलेलं जिरं. पण सगळ्यात चाललं ते आल्याचं. आलं ठेचून रस काढायचा, त्यात गूळ, लिंबू, बडीशेपेचं पाणी. गूळ थोडा करपवला की रंग थेट रमसारखा येतो. हा रंग महत्त्वाचा. चार मित्र तपकिरी ग्लास घेऊन बसलेत आणि आपल्यापुढे लिंबूपाणी, यात माणसाचा महिना मोडतो. दारूच्या तहानेपेक्षा चेष्टेनं तो जास्त मोडतो. आल्याचा ठसका घशाखाली जळत जायचा, माणूस डोळे मिटून 'हाऽ' करायचा आणि त्याला बरं वाटायचं. गिऱ्हाइकांनीच त्याला नाव दिलं, उपासाचा पेग.

पहिल्या वर्षी संशयच जास्त घेतला गेला. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत दारूचा थेंब असणार, आपलं व्रत बुडवतोय हा. त्यांच्या बायकांना तर खात्रीच होती. एका सोमवारी एक बाई कमरेला पदर खोचून थेट आत आली, नवऱ्याच्या हातातला ग्लास घेऊन वास घेतला, मग अर्धा पिऊन टाकला. बाईने ग्लास ठेवला आणि मला विचारलं, "ह्यात गूळ किती घालता वं?"

आमच्याकडे एक नाना यायचे, सत्तरीचे. ते श्रावणात फक्त उपासाचा पेग घ्यायचे आणि तिसऱ्या ग्लासाला झिंगायचे. खरोखर झिंगायचे. जीभ जड व्हायची, गवळणी म्हणायचे, घरी जाताना खांबाला धरायचे. मी स्वतःच्या हाताने बनवलेला ग्लास; त्यात आलं, गूळ, लिंबू याशिवाय काही नाही हे मला माहीत. पण वेळ तीच, खुर्ची तीच, ग्लास तोच, म्हणून अंगही तसंच वागायचं. आम्ही पोट धरून हसायचो. नाना मला इथे सांगावे लागतात, कारण पुढे जे झालं त्यात मी फसलो तो त्यांच्यामुळे. खरं तर त्यांच्यामुळे नाही. त्यांचं निमित्त करून.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी साहेबराव काउंटरला आला. साखर कारखान्यात फिटर होता. पंपाचा नुसता आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. बारा वर्षं प्यायचा, त्यातली कितीतरी माझ्या हातची.

"दत्ताभाऊ, म्हैनाभर येनार न्हाई. सांगायला आलो."

घर बौद्ध. त्यांच्याकडे आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आदल्या दिवशी त्याने विहारात सगळ्यांसमोर पंचशील घेतलं होतं आणि पाचवं शील, दारू न पिण्याचं, उभं राहून पुन्हा एकदा मोठ्याने म्हटलं होतं. त्याला कारण होतं. त्याची बायको सुमनबाई वर्षभरात दोनदा खर्ड्याला माहेरी निघून गेली होती. या वेळी ती एका अटीवर परत आली होती. या पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत एक महिना त्याने कोरडा काढायचा. एक दिवस जरी मोडला तरी ती दोन्ही मुलींना घेऊन जाईल आणि मग येणार नाही.

"चांगलं केलंत," मी म्हणालो. "पण संध्याकाळी काय करणार?"

"तेच कळंना. सहा वाजले का हात कापत्यात. साडेसातला विहारात जायाचं. मधला दीड तास जात न्हाई बगा. घरी बसलो तर ती नुस्ती माझ्या तोंडाकडं बगती."

मी त्याला सांगायला हवं होतं की घरी बस, ती बघते तर बघू दे. त्याऐवजी मी म्हणालो, "इथंच या. मी देतो तुम्हाला एक ग्लास." यात आप्पांच्या धंद्याचा विचार नव्हता, आखाडात आमच्याकडे बसायला जागा नसते. त्याने माझा उपासाचा पेग अजून चाखला नव्हता, आणि मला तो त्याला पाजायचा होता. एवढंच.

तो रोज सहाला येऊ लागला. कोपऱ्यातलं टेबल, एक ग्लास, फार तर दोन. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना उठायचा. बाळू टेलर म्हणून एक रोजचं गिऱ्हाईक होतं, त्याला हे बघवेना.

"काय साहेबराव, तुला कसला रे श्रावन? आन तो बी आखाडात?"

"माझा पुनवेला लागतो, टेलर. तुझा गटारीला लागतो आन गटारीलाच सुटतो."

गटारीला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. मटणाचा वास, भांडणं, गाणी. त्या गर्दीतही साहेबराव सहाला आला आणि आपल्या टेबलावर बसला. बाळू टेलर चार पेग चढवून त्याच्याकडे गेला, त्याचा ग्लास उचलून नाकाशी धरला, मग बोट बुडवून चाखलं.

"आयला, खरंच न्हाई रे!" तो ओरडला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. टेलरच्या तोंडावर एवढी निराशा होती की साहेबराव हसायला लागला. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्याला. पंधरा दिवस झाले होते. उरलेल्या पंधरांविषयी मला शंका राहिली नाही.

गटारी संपली आणि श्रावण लागला. आता टेलरसकट सगळेच उपासाचा पेग मागायला लागले. शनिवारी शिंगणापूरहून परतणाऱ्या जीपगाड्या थांबू लागल्या. एकेक ग्लास बनवणं मला पुरेना. मी एक मोठी चिनी मातीची बरणी आणली, आल्यागुळाचा अर्क एकदम त्यात करून ठेवला आणि भटारखान्यात भट्टीच्या मागे, पावसात कोरड्या राहणाऱ्या उबदार कोपऱ्यात ठेवली. अर्क संपत आला की तळाला चार-पाच ग्लास शिल्लक ठेवायचो आणि त्यावरच नवा ओतायचो. बरणी धुवायची नाही. मला वाटलं, दह्याला विरजण असतं तसं जुन्याने नव्याला चव येते. घरी आई दही असंच लावायची.

चव आली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वर फेस यायला लागला. सोडा कमी घातला तरी चालायचं, आपोआप बुडबुडे. एक ड्रायव्हर म्हणाला, "आज जोर हाय राव." मी खूष झालो. गिऱ्हाइकं तिसऱ्या ग्लासाला मोठ्याने बोलायला लागली, टेलर टाळ्या देऊ लागला. मी वेटरला म्हणालो, "बघ, सगळे नाना झालेत." आम्ही हसलो. इतकी वर्षं मी माणसांवर संशय घेत आलो. बरणीवर घेतला नाही, कारण बरणी माझी होती.

लहानपणी आमच्या गावच्या ओढ्याकाठी गुळाच्या रसायनाच्या घागरी पुरलेल्या मी पाहिल्या आहेत. हातभट्टीसाठी गूळ आंबवायचे. तो वास आमच्या पिढीतल्या पोरांना अंगाईसारखा पाठ होता. म्हणून मी असं म्हणणार नाही की मला वास कळला नाही. झाकण रोज मीच उघडत होतो. वास आला असेल. मी फेसाकडे पाहत होतो.

पौर्णिमेला सात दिवस राहिले असताना साहेबराव नेहमीसारखा दोन ग्लास घेऊन विहारात गेला. पुढचं मला नंतर त्यांच्या वस्तीतल्या एकाकडून समजलं. वाचन सुरू असताना शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या उपासकाने ग्रंथावरून मान वर केली आणि हळूच म्हटलं, "साहेबराव, जरा तोंड हिकडं कर." त्याने केलं. म्हाताऱ्याने आपली बैठक हातभर पलीकडे सरकवली. बायकांच्या बाजूला बसलेल्या सुमनबाईने ते पाहिलं. वाचन संपेपर्यंत ती जागची हलली नाही. मग दारात तिने स्वतः त्याच्या तोंडाचा वास घेतला. तो पोरींची शपथ घेऊन म्हणाला, मी प्यायलो नाही. अशी शपथ त्याने पूर्वीही घेतलेली होती.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गूळ घालायला बरणी उघडली. रात्रभर झाकण घट्ट राहिलं होतं, त्यामुळे उघडताच वास अंगावर आला. एक घोट घेतला. मग आप्पांना बोलावलं.

आप्पांनी वास घेतला आणि आधी मागचं दार लावलं. "दत्ता, ही हातभट्टी हाय."

"मुद्दाम नाही केली, आप्पा."

"एक्साईजवाल्याला ते सांगशील का? परमिट रूमात गुळाचं रसायन! लायसन जाईल, कुलूप लागंल, तू बी आत आन मी बी आत. वत ती. आन ह्या कानाची त्या कानाला खबर नको."

मागच्या चरात बरणी ओतली. मी ती राखेने घासत होतो तेवढ्यात वेटर सांगत आला, समोर साहेबराव आलाय, बायकोला घेऊन.

परमिट रूम अजून उघडली नव्हती. खुर्च्या टेबलांवर उलट्या होत्या. सुमनबाई दारातच उभी राहिली, उंबऱ्याच्या आत आली नाही. साहेबराव काउंटरपर्यंत आला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. साक्षीदार सापडलेल्या माणसाचा चेहरा होता. ते मला अजून दिसतं.

"दादा," सुमनबाई म्हणाली, "तुमी ह्यांना रोज गलास देता. काल दिला?"

"दिला."

"त्यात दारू हुती?"

"मी नाही घातली."

"मग तोंडाला वास कसला?"

आप्पा माझ्या मागे बाटल्या पुसत होते. फडक्याचा आवाज थांबला.

"मला काय माहीत, वहिनी," मी म्हणालो. "माझ्या काउंटरवरनं त्यांना दारू गेलेली नाही."

पुढे बरेच दिवस मी स्वतःची समजूत काढत होतो की मी खोटं बोललो नाही, बाटलीतली दारू गेलीच नव्हती. पण ती बाटलीचं विचारत नव्हती. मला घोटाची चव अजून तोंडात होती आणि मी सरळ खोटं बोललो.

साहेबराव चिडला नाही. माझ्याकडे पाहत एवढंच म्हणाला, "दत्ताभाऊ, नीट आठवा."

मी टेबलावरची खुर्ची उतरवायला लागलो.

"राहू द्या," सुमनबाई त्याला म्हणाली. "हितं न्हाई तर दुसरीकडं घेतली आसंल. त्यांना कशाला मदी वडता?" माझी तिने बाजू घेतली. दुपारच्या एस.टी.ने ती मुलींना घेऊन गेली.

त्या संध्याकाळी साहेबराव सहाला आला. कोपऱ्यात नाही, थेट काउंटरला. "क्वार्टर."

सहाच दिवस राहिलेत, नका मोडू, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर मग बाकीचंही सांगावं लागलं असतं. मी ओतली. त्याने ग्लास उजेडाकडे धरला.

"ह्यात तरी हाय ना, दत्ताभाऊ?"

त्याला माझा संशय आला होता की तो नुसता टोमणा होता, ते मला समजलं नाही. मी मान हलवली. त्याने एका दमात ग्लास संपवला.

उपासाचा पेग मी त्या दिवसापासून बंद केला. टेलर म्हणाला, "असं कसं, श्रावन अर्धा हाय अजून!" मी सांगितलं, आलं महाग झालं. पुढचे चार महिने साहेबराव रोज यायचा आणि मी रोज ओतायचो. काउंटरवाल्याने कुणाला किती झाली हे पाहायचं असतं. त्याला किती झाली हे मी पाहत नव्हतो. त्याच्या तोंडाकडेच पाहत नव्हतो.

मार्गशीर्षात कारखान्याचा हंगाम जोरात असताना एका सकाळी त्याला गेटवरनं परत पाठवलं. तोंडाला वास येत होता. या वेळी खरा. तो तसाच आमच्याकडे आला, दार उघडायच्या आधी. पायरीवर बसला. मी त्याच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. बरणी, विरजण, फेस, चर, आप्पा. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला काय सांगता?" तो म्हणाला. "मला ठावंच हाय मी पिलो नव्हतो. तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी नगर, जामखेड असं करत खर्ड्याला गेलो. किल्ल्याच्या अंगाला त्यांची वस्ती. सुमनबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचा भाऊ रमेश ओट्यावर होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने बस म्हटलं नाही.

"त्यानं पाठवलं का तुमाला?"

"त्यांनीच सांगितलं, ताईंना सांगा म्हणून."

"म्हंजी पाठवलंच की. दारूवाला मानूस येवढ्या लांब यष्टीनं कशाला येईल? काय कबूल केलंय त्यानं?"

"दादा, बोलू दे त्यांना," सुमनबाई म्हणाली. शेंगा सोलणं तिने थांबवलं नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. संपल्यावर तिने विचारलं, "मग त्या दिवशी का न्हाई बोलला?"

"भ्यालो."

"बरं." तिने चार शेंगा सोलल्या. "एक सांगा दादा. ते बारा वर्सं पिलेले. तुमी म्हनता बरनीत दारू झाली हुती. आन त्यांच्या जिभेला ती कळली न्हाई?"

ह्या प्रश्नाचा विचार मी कधीच केला नव्हता. आणि इथे मला एक कबूल करायचं आहे. तो प्रश्न ऐकताच मला सुटल्यासारखं वाटलं. त्याला कळलं असेल तर, कळूनही तो रोज पीत राहिला असेल तर, माझं पाप अर्धं झालं. दोन श्वास मी त्या सुखात होतो. मग मी म्हणालो, "आल्याचा ठसका फार होता. कळलं नसेल."

"नसंल का न्हाई?"

"ते मला नाही सांगता येणार."

साहेबरावला मी ते कधीही विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

सुमनबाईने सूप बाजूला ठेवलं. "तसंच करून आना. एक ताजं, आन एक तवा झालं हुतं तसलं. मी चाखून बगते. मी जन्मात कधी घेतली न्हाई. मला जर फरक कळला, तर त्यांना कळला नसंल हे मी मानायची न्हाई."

"सुमन!" रमेश उठून उभा राहिला. "तू रोज शील घेती. हे करशील व्हय?"

"पीत न्हाई, चाखते. पुनवेला विहारात सांगंन तसं."

मी घरी बरणी लावली. थंडीमुळे अर्क लवकर आंबेना. चुलीजवळ ठेवून नऊ दिवस लागले. मधे एकदा मनात आलं, पाचव्या दिवशीचंच न्यावं, फिकं असेल, तिला कळणार नाही, तिचा संसार सांधेल. नेलं नाही. तेव्हा होतं तितकं होऊ दिलं. निघायच्या सकाळी ताजा अर्क केला, दोन सारख्या बाटल्या भरल्या आणि खर्ड्याला गेलो. जामखेडच्या स्टँडवर एका बाटलीचं बूच आपोआप उडालं. ते पुन्हा बसवलं.

सुमनबाईने दोन पेले मांडले. मुलींना शेजारी पाठवलं होतं. मी एकेका पेल्यात चार-चार घोट ओतले. कोणता कोणता ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पहिल्यातला एक घोट तिने पटकन गिळला. तो ताजा होता. ठसका लागला, खोकली, पदराने तोंड पुसलं. दुसरा पेला तिने तोंडाशी नेला आणि क्षणभर थांबली. मग घोट घेतला. तो तिने तोंडातच धरून ठेवला. रमेश तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, मीही. तिचे डोळे भरून आले. आल्याने आले की कशाने, ते मी सांगू शकत नाही. बऱ्याच वेळाने तिने गिळला.

"आलं," ती म्हणाली. "दोन्हीत आलंच लागतंय."

"नीट बग," रमेश म्हणाला.

"बगितलं. मला फरक कळंना. मला न्हाई कळला तर त्यांना बी न्हाई." ती उठली. "त्यांचे सहा दिवस राहिलेत. ते त्यांनी माझ्यासमोर पुरे करायचे. पोरींना हाक मार दादा, दुपारची यष्टी गावंल."

ती आत गेली. दुसऱ्या पेल्यात तीन घोट उरले होते. मी पेला उचलला आणि संपवला. खालपर्यंत जळत गेली. आलं होतं, गूळ होता, आणि त्या दोन्हीवर पाय देऊन दारू उभी होती. रसवंतीवर बसणाऱ्या माणसालाही कळली असती.

मी पेला खाली ठेवला तेव्हा रमेश माझ्याकडे पाहत होता. त्याने आत एकदा नजर टाकली आणि आवाज उतरवून विचारलं, "खरं सांगा. कळती का न्हाई?"

आतून ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता.

"तुमच्या बहिणीनं चाखलंय," मी म्हणालो. "त्यांना विचारा."

त्याने विचारलं नाही. ट्रंक उचलायला आत गेला.